नवलाई पुरे, नवा कारभार हवा!

सोलापूर महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तब्बल पावणेचार वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकांच्या एकट्या सहीने चालला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, प्रभागरचनेचे घोळ झाले, तारखांमागून तारखा पडल्या. आणि अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचा स्पष्ट आदेश दिल्यावर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील इतर महानगरपालिकांबरोबर सोलापुरातही मतदान झाले. विलंबाचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा याची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. ती आम्ही येथे पुन्हा करीत नाही. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. आपले म्हणणे मांडावयास हक्काची जागा नागरिकांस पुन्हा लाभली असताना, तेथे प्रथम काय मांडावयाचे, हा तो प्रश्न होय.

अलीकडे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संबंधात ‘नवोपक्रम’ या शब्दाचा बराच बोलबाला आहे. नवे संकेतस्थळ, नवे अॅप, नवी कंपनी, चौकाचौकांत नवे कॅमेरे, कचरागाड्यांवर नवी यंत्रे. दर दोन-तीन वर्षांनी एखादी नवी योजना येते, तिचे समारंभपूर्वक उद्घाटन होते, आणि नव्याचे नऊ दिवस सरले म्हणजे ती योजना जुन्या योजनांच्या अडगळीत जाऊन पडते. आम्ही यंत्राचे वैरी नाही. शास्त्राने जे साधन दिले ते सार्वजनिक सेवेच्या कामी लागलेच पाहिजे. परंतु नवे साधन आणि नवी रीत या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या शहरात साधने पुष्कळ आली, रीत मात्र फारशी बदलली नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे. जी नवी गोष्ट संस्थेच्या अंगी मुरते, जी करणारा अधिकारी बदलून गेल्यावरही चालू राहते आणि जिच्यामुळे अगदी शेवटच्या नळावरच्या बाईचा एक तास वाचतो, तीच खरी नवी गोष्ट. बाकीची सारी नवलाई.

या शहरास नवेपणाचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. दिनांक ६ एप्रिल १९३० रोजी, रामकृष्ण जाजू अध्यक्ष असताना, सोलापूर नगरपालिकेवर अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते राष्ट्रध्वज फडकविण्यात आला. परकी सत्ता डोक्यावर असताना राष्ट्रध्वज उभारणारी ही देशातील पहिली नगरपालिका, असा लौकिक सोलापूरने त्या दिवशी मिळविला. त्यानंतर मे महिन्यात काय घडले, मार्शल लॉ कसा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर कसे गेले, हे सोलापूरच्या शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्या ध्वजास कोणतीही योजना लागली नाही की अनुदान लागले नाही. ‘ही संस्था आमची आहे आणि तिने आमच्या बाजूने उभे राहिले पाहिजे’ एवढी एकच भावना लागली. स्थानिक स्वराज्यातील नवनिर्मितीचे मूळ तेथे आहे. लॉर्ड रिपन यांनी मे १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा जो प्रसिद्ध ठराव काढला, त्यातही नगरपालिका या लोकांच्या राजकीय शिक्षणाच्या शाळा व्हाव्यात हाच हेतू प्रधान होता. शाळाच बंद ठेवावयाची आणि विद्यार्थी नालायक म्हणून ओरड करावयाची, हा न्याय कोणता?

दिनांक १ मे १९६४ रोजी सोलापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. हा केवळ नावाचा बदल नव्हता. ज्या कायद्याखाली महानगरपालिका चालते, त्याचा सांगाडा मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. त्याच्या घडणीत सर फिरोजशहा मेहता यांचा मोठा हात होता. धोरण सभागृहाने ठरवावयाचे, पैशावर स्थायी समितीने नजर ठेवावयाची आणि अंमल आयुक्ताने करावयाचा, अशी ती त्रिविध वाटणी आहे. आयुक्त सरकारने नेमावयाचा आणि जाब मात्र लोकप्रतिनिधींनी विचारावयाचा, हा या रचनेतील जन्मजात ताण. त्या ताणाचा सदुपयोग झाला तर एकाची चूक दुसरा सुधारतो. दुरुपयोग झाला तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात आणि नागरिक मध्ये कोरडा राहतो. प्रशासकीय राजवटीत हा ताणच नाहीसा झाला. कामे काही ठिकाणी जलद झाली हे आम्ही नाकारीत नाही. पण ठराव करणारा, मंजुरी देणारा आणि अंमल करणारा एकच असल्यावर चूक दाखवावयास कोणी उरत नाही, आणि ज्या संस्थेत चूक दाखविणारा नाही तेथे सुधारणा कोठून येणार?

आता शहराची सांपत्तिक स्थिती पाहा. सोलापूर वाढले ते गिरण्यांच्या भोंग्यावर. जुनी गिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. त्यामागोमाग इतर आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कामकरी आले, मराठवाड्यातील दुष्काळाने पिटाळलेली कुटुंबे आली, आणि मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार भाषा बोलणारे हे कष्टकऱ्यांचे शहर उभे राहिले. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या. त्यांची जागा यंत्रमागाने आणि बिडीने घेतली. परंतु गिरणीसारखा संघटित, नियमित पगाराचा व त्यामुळे नियमित कराचाही आधार गेला तो गेलाच. अशा वेळी, म्हणजे १९९२ मध्ये, शहराची हद्दवाढ झाली आणि महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटरांवर गेले. ज्या खेड्यांत ग्रामपंचायतीची आडे व विहिरी होत्या, त्या एका अधिसूचनेने शहरी झाल्या. नळ, गटार, दिवा आणि रस्ता यांची अपेक्षा रास्तच निर्माण झाली, पण ‘हद्दवाढ भाग’ हे नाव तीन दशके उलटली तरी पुसले गेले नाही, यातच सर्व काही आले. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांशी उठला, आणि जुलै २०१७ नंतर वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी राज्याकडून येणाऱ्या हप्त्यावर महानगरपालिकेची चूल पेटू लागली. ज्याची मिळकत दुसऱ्याच्या हातात, त्याचे स्वराज्य कितपत खरे, याचा विचार वाचकांनीच करावा.

या पार्श्वभूमीवर आपण पाण्याच्या प्रश्नाकडे येतो. कारण सोलापुरात महानगरपालिकेची परीक्षा शेवटी नळावरच होते. शहरास पाणी देणारी ठिकाणे तीन. पहिले एकरुख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव, जो १८७१ मध्ये पुरा झाला. दुसरे भीमेवरील टाकळी. तिसरे उजनी धरण, जे १९८० मध्ये पूर्ण झाले व ज्यापासून सुमारे ११० किलोमीटर लांबीची जलवाहिनी शहरापर्यंत आणण्यात आली. उजनीची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. राज्यातील मोठ्या धरणांत त्याची गणना होते. अशा धरणाच्या जिल्ह्याचे मुख्य शहर, आणि त्यातील नागरिक वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाण्याची वाट पाहत बसले! ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण येथे लागू पडत नाही. येथे आडात आहे, आणि पोहऱ्यातच येत नाही.

टाकळीची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. त्या योजनेसाठी पाणी अडविले जाते औज व चिंचपूरच्या बंधाऱ्यांत. हे बंधारे भरावयाचे म्हणजे उजनीतून नदीच्या पात्रात पाणी सोडावयाचे. शंभरावर किलोमीटर कोरड्या वाळूतून, उन्हातून आणि काठावरच्या पंपांच्या तोंडातून वाट काढीत ते येते, आणि बंधाऱ्यात जेवढे साठते त्याच्या कित्येक पट पाणी धरणातून सोडावे लागते. म्हणजे सोलापूरकराच्या एका घागरीसाठी वाटेत कित्येक घागरी जिरतात आणि त्या साऱ्या सोलापूरच्या नावे मांडल्या जातात. ग्रामीण भागातील शेतकरी म्हणतो, शहराने आमचे पाणी नेले. शहरातील नागरिक म्हणतो, आम्हास तर चार दिवसांआड मिळते. दोघेही खरे बोलतात. भांडण लावून दिले आहे ते रीतीने. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, आणि धरणावर दुबार पंपिंगची यंत्रे बसवावी लागली. त्या वेळी या उधळपट्टीची किंमत सर्वांसच कळली. पुढे पाऊस झाला, धरण भरले आणि तो धडा आपण विसरलो.

बंद नळातून पाणी आणणारी दुसरी, समांतर जलवाहिनी हा यावरचा उपाय असल्याचे फार पूर्वीच सर्वांना मान्य झाले होते. दररोज १७ कोटी लिटर वाहून नेण्याची तिची क्षमता ठरली. परंतु मंजुरी, निविदा, मक्तेदार, वाद, पुन्हा निविदा या चक्रातून जाता जाता वर्षे गेली आणि खर्चाचा आकडा फुगला. या विलंबाचे सविस्तर परीक्षण कधीतरी व्हावयास हवे. पण त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा असा की, जलवाहिनी ही शहराच्या वेशीपर्यंतचे उत्तर आहे. वेशीपासून नळापर्यंतचे नव्हे. शहरांतर्गत नळांचे जाळे जुने असेल, गळती कोठे व किती याचा हिशेब नसेल, उंचवट्यावरील वस्तीस दाबाने पाणी चढविण्यास टाक्या अपुऱ्या असतील, तर वेशीवर दुप्पट पाणी आले तरी घरात दररोज येईल याची हमी कोणी द्यावी?

यातील मर्म वाचकांनी समजून घ्यावे, कारण ते समजले म्हणजे नवोपक्रम कशास म्हणावे हेही समजते. पाणी आठवड्यातून दोनदा सोडले की उरलेले दिवस नळ रिकामे राहतात. रिकाम्या नळात दाब नसतो; दाब नसला की शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यांतून आत शिरते. म्हणून पाणी आले की पहिली काही मिनिटे ते गढूळ, आणि पावसाळ्यात काविळीची व गॅस्ट्रोची साथ. पुढे चार दिवसांचे पाणी साठवावयाचे म्हणून घरोघर हौद, पिंपे, टाक्या. त्यात डासांची पैदास आणि डेंग्यू. ज्याच्याजवळ जमिनीखालील हौद आणि विजेची मोटार आहे तो नळातून पाणी ओढून घेतो. ज्याच्याजवळ दोन पिंपे आहेत त्याने दोन पिंपांत चार दिवस काढावेत. नवे पाणी येणार म्हणून जुने शिळे ओतून दिले जाते, ती नासाडी निराळीच. आणि या साऱ्या व्यवहाराचा सूत्रधार कोण? तर चावीवाला! कोणत्या गल्लीची चावी किती वाजता फिरवावयाची आणि किती आटे फिरवावयाची हे ज्ञान त्या एका माणसाच्या मनगटात असते. कोणत्याही वहीत नसते. तो निवृत्त झाला की निम्म्या प्रभागाचा नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो. पूर्व भागातील एखादी बिडीकामगार स्त्री पाण्याची वेळ चुकू नये म्हणून कारखान्यात विड्या देण्यास उशिरा जाते आणि तेवढ्या विड्यांस मुकते. हा तिच्यावरील अदृश्य कर होय. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

इतरांनी यावर काय केले? फार दूर जावयास नको. शेजारच्या कलबुर्गीस, तसेच हुबळी-धारवाड व बेळगाव येथे कर्नाटक सरकारने २००८ च्या सुमारास शहराचे काही विवक्षित भाग निवडून तेथे चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग केला. प्रत्येक जोडणीस मीटर, भागाच्या सीमेवर मोजमाप, आणि गळती शोधणारी पथके, ही त्याची तीन अंगे होती. तो प्रयोग सबंध शहरभर नेण्यात पुढे फार वर्षे गेली, हे खरे. परंतु सतत दाब ठेवणे आपल्या हवेत आणि आपल्या नळांत शक्य आहे, एवढे तरी सिद्ध झाले. आपल्या राज्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूर या लहानशा नगरपंचायतीने चोवीस तास पाणी देऊन दाखविले व त्यासाठी नाव मिळविले. ओरिसातील पुरी शहराने २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य करून चोवीस तास देण्याची व्यवस्था जाहीर केली. यांपैकी कोणत्याही ठिकाणी चमत्कार घडला नाही. त्यांनी एवढेच केले की पाणी मोजले, भाग पाडले, प्रत्येक भागास जबाबदार माणूस नेमला आणि तक्रार आल्यावर तो माणूस जागेवर गेला. नवोपक्रम म्हणतात तो हाच. याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत शोभत नाहीत, म्हणूनच कदाचित त्यास उद्घाटक मिळत नाही.

स्मार्ट सिटीची हकीकत या तुलनेत पाहण्याजोगी आहे. जून २०१५ मध्ये केंद्र सरकारने ही मोहीम सुरू केली आणि २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांच्या यादीत सोलापूर नवव्या क्रमांकावर आले, तेव्हा आपण सर्वांनीच पेढे वाटले होते. शहराकरिता स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. केंद्राने पाच वर्षांत ५०० कोटी द्यावयाचे आणि तितकाच वाटा राज्य व महानगरपालिका यांनी उचलावयाचा, अशी मूळ आखणी होती. होम मैदान, पार्क स्टेडियम, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, इंद्रभुवनाची वास्तू यांना त्यातून नवे रूप लाभले, आणि त्यातील काही कामे खरोखर चांगली झाली. परंतु मोहिमेचा भर शहराच्या मध्यभागावर. आणि मुख्य म्हणजे कंपनी ही महानगरपालिकेहून वेगळी. निर्णय कंपनीच्या संचालक मंडळात, काम सल्लागाराच्या आराखड्यावर, आणि मुदतींवर मुदती मिळून ३१ मार्च २०२५ रोजी मोहीम संपल्यावर देखभाल कोणाकडे? तर महानगरपालिकेकडे! ज्या अभियंत्याने आराखड्यावर सही केली नाही, ज्यास त्या यंत्राचे शिक्षण दिले गेले नाही आणि ज्याच्या खात्यात त्या देखभालीची तरतूदच नाही, त्याने ते यंत्र चालवावयाचे. लग्न एकाने लावून द्यावे आणि संसार दुसऱ्याने करावा, असाच हा प्रकार. आमचा आक्षेप कंपनीच्या हेतूवर नाही. आमचा आक्षेप आहे तो संस्थेस बाजूस सारून तिच्यात सुधारणा करू पाहणाऱ्या विचारसरणीवर. अपंगास चालावयास शिकविण्याऐवजी त्याच्या शेजारून दुसरा माणूस पळविला, म्हणून अपंगाच्या पायांत बळ येत नाही.

मग नवे काही आपल्या मातीत उगवतच नाही काय? उगवते, आणि त्याचे जगाने मान्य केलेले उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांतील धड्यांस क्यूआर संकेत जोडले. मोबाइल त्यावर धरताच कविता ऐकू यावी, गणित उलगडून दिसावे, अशी ती युक्ती. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी २०१७ पासून ती उचलली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार या शिक्षकास जाहीर झाला. दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. यात आम्हास महत्त्वाचे वाटते ते पारितोषिक नव्हे. महत्त्वाचे हे की कल्पना मंत्रालयात जन्मली नाही, सल्लागाराच्या कचेरीत जन्मली नाही. ती जन्मली मुलांसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात. आणि तिचा प्रसार झाला तो राज्याच्या जुन्याच यंत्रणेतून, पाठ्यपुस्तकातून. खालून कल्पना आणि वरून प्रसार, ही नवनिर्मितीची खरी वाट होय. आज महानगरपालिकेच्या किती खात्यांत कनिष्ठ अभियंता, आरोग्यसेविका, सफाई मुकादम वा चावीवाला यांस कोणी विचारतो, की बाबा रे, तुझ्या कामात काय बदलले तर काम सोपे होईल?

दुसरे उदाहरण कुंभारीचे. बिडी वळणाऱ्या स्त्रियांनी सहकारी संस्था करावी, केंद्र व राज्य यांनी वाटा द्यावा, कामगारांनीही आपला वाटा भरावा आणि त्यातून दहा हजार घरांची वसाहत उभी राहावी, ही गोष्ट प्रथम कोणास खरी वाटली नव्हती. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. त्याच वाटेने रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प निघाला, व १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील १५ हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांस देण्यात आली. दोन पंतप्रधान, दोन भिन्न पक्ष, आणि मागणी करणारा पक्ष तिसराच. तरी काम झाले, कारण मागणी ज्यांची होती ते संघटित होते व हिशेब त्यांच्या हाती होता. मात्र या वसाहती शहराच्या हद्दीबाहेर आहेत आणि त्यांतील कामगारांची पोटे शहराच्या हद्दीत आहेत. बस, दवाखाना, पाणी, कचरा यांची जबाबदारी ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची की महानगरपालिकेची, या सीमेवरच्या प्रश्नास उत्तर हवे. हद्दीच्या दगडापाशी सेवा थांबते. माणूस थांबत नाही.

कचेऱ्यांतील कारभाराविषयीही थोडे लिहिले पाहिजे. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर लावण्याची, कामाची वाटणी फलकावर लिहिण्याची आणि लोकांस एका ठिकाणी उत्तर देण्याची जी पद्धत घालून दिली, तिचे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून देशभर नाव झाले. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्राने लोकसेवा हक्क अधिनियम केला. ठरलेल्या दिवसांत दाखला न मिळाल्यास अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडही होऊ शकतो. कायदा उत्तम आहे. परंतु किती सोलापूरकरांस तो ठाऊक आहे? ज्या शहरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात उर्दू आणि कचेरीत मराठी बोलली जाते, तेथे हक्काचा फलक चार भाषांत असावा, हे सुचावयास कोणत्या सल्लागाराची गरज आहे? अर्ज संगणकावर भरता येतो म्हणून काम झाले असे नव्हे. ज्यास तो भरता येत नाही त्यास दलाल गाठावा लागत असेल, तर आपण दलालाचे काम तेवढे सोपे केले.

कोणी म्हणेल, या साऱ्यास पैसा कोठून आणावयाचा? प्रश्न रास्त आहे. महानगरपालिकेने वसुली वाढविली पाहिजे, थकबाकीदार कितीही वजनदार असला तरी त्याच्या दारात गेले पाहिजे, हे निर्विवाद. राज्यानेही भरपाईचे हप्ते अनुग्रह म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून दिले पाहिजेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने १८ विषय नगरसंस्थांकडे देण्याचे योजिले. विषय आले, परंतु माणसे आणि पैसा मागे राहिला. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात जोसेफ चेंबर्लेन १८७३ ते १८७६ या काळात महापौर असताना त्यांनी खाजगी कंपन्यांकडून गॅस व पाणी नगरपालिकेच्या मालकीत आणले. गॅसच्या नफ्यातून शहर सुधारले आणि पाण्यावर नफा मिळवावयाचा नाही, असे धोरण ठेवले. ती नवी कल्पना शहराने स्वतःच्या हिमतीवर राबविली. त्या हिमतीचा एक शतांश आपण दाखवावयास काय हरकत आहे?

म्हणून नव्या सभागृहापुढे आम्ही मोजक्या मागण्या ठेवीत आहोत. पहिली, शहराचा एक भाग निवडावा, आणि तो बंगल्यांचा नव्हे, तर पूर्व भागातील किंवा हद्दवाढीतील एखाद्या दाट वस्तीचा असावा. तेथे नळ दुरुस्त करून, पाणी मोजून, दररोज व पुरेशा दाबाने पाणी देऊन दाखवावे. गरिबावर जड पडणार नाही असा दर आधी ठरवावा आणि मगच मीटर बसवावा. दुसरी, प्रत्येक जलकुंभात किती पाणी आले, किती गेले व कोणत्या भागास किती तास मिळाले, याचा तक्ता दर आठवड्यास प्रसिद्ध व्हावा. चावीवाल्याच्या मनगटातील ज्ञान कागदावर उतरावे, आणि ते उतरविणाऱ्या चावीवाल्याचा सन्मान व्हावा. तिसरी, कोणत्याही नव्या प्रकल्पास मंजुरी देताना पुढील दहा वर्षे तो कोण चालविणार आणि कशातून, हे ठरावातच लिहिल्याशिवाय सभागृहाने हात वर करू नयेत. चौथी, स्मार्ट सिटीच्या कंपनीने उभारलेल्या प्रत्येक वस्तूची यादी, तिची स्थिती व तिचा खर्च सभागृहासमोर यावा. पाचवी, कायद्यात २००९ पासून तरतूद असलेल्या क्षेत्रसभा प्रत्यक्षात भराव्यात. पुणे महानगरपालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची जी प्रथा पाडली, तिचा उपयोग येथेही करावा, आणि नागरिकांनी सुचविलेली लहान कामे अंदाजपत्रकात वेगळी दाखवावीत.

यांपैकी एकाही मागणीस नवा कायदा लागत नाही, परदेशी कर्ज लागत नाही. लागते ते चिकाटीचे काम, आणि चूक झाली तर ती सर्वांसमोर कबूल करण्याचे धैर्य. नगरसेवकांनीही लक्षात ठेवावे की, प्रशासकीय राजवटीत लोकांस त्यांची आठवण झाली ती गटार तुंबल्यावर धाव घ्यावयास माणूस उरला नाही म्हणून. मक्त्यांच्या टक्केवारीसाठी नव्हे. पुन्हा जुनेच चाळे सुरू झाले, तर ‘प्रशासकच बरा होता’ असे म्हणणारे उद्या पुष्कळ निघतील, आणि तो दिवस स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने १९३० च्या ध्वजाचा अपमान करणारा ठरेल. प्रशासनानेही सभागृहाकडे अडथळा म्हणून पाहू नये. जाब विचारणारा माणूस हा कारभाराचा शत्रू नसतो; तो त्याचा फुकटचा तपासनीस असतो.

नागरिकांसही आमचे सांगणे आहे. मत दिले, काम संपले, असे समजू नका. आपल्या प्रभागात पाणी किती वाजता आले व किती वेळ राहिले, हे एका वहीत लिहावयास प्रारंभ करा. ती वही घेऊन दहा घरची माणसे क्षेत्रसभेस गेली, तर कोणताही अधिकारी त्यांस ‘पाहतो’ एवढे सांगून वाटेस लावू शकणार नाही. सोलापूरच्या नगरपालिकेने एके काळी देशास नवी वाट दाखविली. आता तिच्या महानगरपालिकेने आपल्याच शहरातील एका गल्लीत रोज पाणी आणून दाखवावे. तेवढे झाले तरी या शहरास नवोपक्रम म्हणजे काय ते कोणास विचारावे लागणार नाही.